डॉक्टरअम्मांकडे दुसऱ्यांदा

लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं मी ज्या नर्सिंग होममध्ये काम केलं होतं, तिथल्याच पेशंटांच्या बाकावर मी त्या सकाळी अर्ज घेऊन बसले होते. समोरच्या टेबलाशी, म्हणजे एके काळच्या माझ्या टेबलाशी, एक तरुण मुलगी होती. मी आत शिरले तेव्हा तिनं मान वर न करता तमिळमध्ये विचारलं होतं, "कितवा महिना?" मी म्हटलं, तपासून घ्यायला आले नाही, डॉक्टरअम्मांना भेटायचंय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि रांगेतला शेवटचा नंबर माझ्या हातात दिला. तिचं काही चुकलं नव्हतं. मीही आगंतुकांना तसंच बसवत असे.

हे तंजावूरमधलं. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये आमची मराठी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेली. घरात मराठी, बाहेर तमिळ, कागदावर इंग्रजी, असं आमचं चालतं. गाव आम्हाला 'रायर' म्हणतं. डॉक्टरअम्माही मला नावानं क्वचितच हाक मारत. 'रायरची मुलगी' म्हणत, आणि माझं लग्न झाल्यावरही त्यांनी ते बदललं नाही.

त्यांचं नर्सिंग होम बाळंतपणाचं. खाली तपासणीची खोली आणि आमचं टेबल, वर बायकांच्या खोल्या. डॉक्टरअम्मा एकट्या राहत, वरच्याच मजल्याच्या एका टोकाला. किडकिडीत बाई, सुती साडी, आवाज मात्र गल्लीच्या तोंडापर्यंत जाई. रक्त कमी झालेलं दिसलं की त्या बाईला नाही, तिच्या नवऱ्याला आत बोलावून झापत. तिरुवैयारूकडच्या, ओरत्तनाडूकडच्या बायका बस बदलून त्यांच्याकडे येत, आणि मला वाटतं, निम्म्या तरी नवऱ्याला ऐकवायला येत.

माझं काम बाहेरचं. नाव लिहून घ्यायचं, रांग लावायची, फोन घ्यायचा, आणि आत कुणी कण्हत असेल तेव्हा बाहेर बसलेल्या आईला-सासूला धीर द्यायचा. शेवटचं काम मला कुणी सांगितलं नव्हतं. पण ते मला जमतं हे डॉक्टरअम्मांच्या लक्षात आलं होतं. एकदा एका म्हाताऱ्या सासूनं सुनेच्या काळजीनं माझा हात इतका घट्ट धरला की मला फोन उचलता येईना. डॉक्टरअम्मांनी बाहेर येऊन स्वतः फोन घेतला, बोलून ठेवला आणि मला काही न बोलता आत गेल्या. त्यांची शाबासकी तेवढीच असे.

मग ह्यांना पुण्याला नोकरी लागली. भोसरीत यंत्रांचे भाग बनवणारा कारखाना होता, पगार चांगला होता. आमच्या नात्यातले सगळे म्हणाले, मराठी माणसं मराठी मुलखात निघाली, याहून बरं काय. डॉक्टरअम्मांना सांगायला गेले तेव्हा त्या हात धूत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "जा. सुखात असशील तर मला पत्र लिहू नकोस, वाचायला वेळ नसतो. अडचण आली तर लिही."

पुण्याबद्दल फार सांगत नाही. आमचं मराठी तिथं कुणाला मराठी वाटत नसे. घरमालकीणबाईंना पहिल्याच दिवशी मी "काय करुलालात?" असं विचारलं. म्हणजे काय करता आहात. त्या आधी हसल्या आणि मग बिचाऱ्यांनी चहा दिला. एका दवाखान्यात नोकरीसाठी गेले तर तिथल्या गृहस्थांनी मला विचारलं, तुम्ही एखाद्या ऐतिहासिक नाटकात काम करता का. त्यांना दुखवायचं नव्हतं. पण मी पुन्हा कुठं विचारायला गेले नाही. आमची मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून मी देवनागरी शिकले. ती भरभर पुढं गेली, मी मागून वाचत राहिले. आज हे ज्या मराठीत लिहिते आहे, ते तिच्या पुस्तकांतून घेतलेलं.

मग काळ बदलला. बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या, ह्यांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगण्यात आलं. स्वेच्छा कारखान्याची होती, आमची नव्हती. हे कित्येक दिवस सकाळी त्याच वेळेला उठत, दाढी करत आणि मग खिडकीशी बसत. शेवटी त्यांनीच म्हटलं, गावी जाऊ. तिथं घराला भाडं तरी नाही.

तंजावूर तेवढ्या वर्षांत पालटलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ, घराघरावरून गेलेल्या केबलच्या तारा, आणि आमच्या गल्लीतसुद्धा एक कॉम्प्युटर शिकवण्याचा वर्ग. मी तीन-चार ठिकाणी नोकरी विचारली. सगळीकडे एकच प्रश्न. कॉम्प्युटर येतो का? नाही म्हटलं की पुढं बोलणंच नसे.

अम्मा, म्हणजे माझी आई, पहिल्यापासून सांगत होती की डॉक्टरअम्मांकडे जा. मी टाळत होते. सोडून गेलेल्या माणसानं परत येऊन हात पसरायचा, हे मला कसंसंच वाटत होतं. मी एकदा उंबऱ्याशी नुसती उभी होते, चपला घालून, तेव्हा ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय करुलालीस तिथं? गेलीस तर उत्तर कळेल. नाही गेलीस तर काय कळणार?" मी इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला, जशी मी त्यांच्या ओळखीचीच नाही, आणि गेले.

तर त्या बाकावर दुपार होत आली. एकेक बाई आत जाऊन बाहेर आली. शेवटी टेबलाशी बसलेल्या मुलीनं माझा नंबर पुकारला.

डॉक्टरअम्मांचे केस पांढरे झाले होते. बाकी खोली तीच, वजनाचा काटा तोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आश्चर्य दाखवलं नाही.

"भेटायला आलीस की मागायला?"

"मागायला."

"मग बस."

मी अर्ज पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. त्यातलं एकही अक्षर त्यांना नवीन नव्हतं, कारण मी अनुभव म्हणून त्यांच्याकडचीच वर्षं लिहिली होती. वाचून त्यांनी तो घडी करून ठेवला आणि ह्यांचं विचारलं, मुलीचं विचारलं, पुण्यात काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. कारखान्याचं सांगत होते तेव्हा त्या खिडकीकडे बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "जागा नाही. बाहेर बसलीय ती मुलगी चांगली आहे. तिलाही घर आहे. तुझ्यासाठी तिला उठवू का?"

मी नाही म्हटलं. ते मनापासून म्हटलं, असं आज वाटतं. तेव्हा मात्र मी त्या घडी केलेल्या अर्जाकडे बघत होते.

मी उठले तशी त्या म्हणाल्या, "तू सोडून गेलीस त्याचं मला काही नाही. माणसं जातात. पण अडचण आली आणि तू लिहिलं नाहीस, त्याचा मला राग आहे."

मी म्हटलं, लिहायला बसले होते, पण काय लिहावं ते सुचेना. नोकरी ह्यांची गेली होती, पण गेल्यासारखी मी झाले होते. हे मला तमिळमध्ये नीट सांगता आलं नाही, तरी त्यांना ते कळलं असावं. त्यांनी बेल वाजवली, आयाला कॉफी आणायला सांगितलं आणि कॉफी संपेपर्यंत मला बसवून घेतलं. पण नाही ते नाहीच.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, बरोबर बोलल्या. तसे ते मोजकंच बोलतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुलीची वेणी घातली, आणि ती वाकडीतिकडी वेणी मिरवत ती शाळेत गेली.

काही आठवडे गेले. एका सकाळी नर्सिंग होमची आया आमच्या दारात. डॉक्टरअम्मांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता. मी होते तशीच निघाले.

झालं होतं असं, की टेबलाशी बसणारी ती मुलगी स्वतःच गरोदर होती. मी बाकावरून तिला पाहिलं तेव्हा टेबलाच्या आडोशानं मला ते दिसलं नव्हतं. सातवा महिना लागला होता, पायांवर सूज आली होती, रक्तदाब चढला होता. सगळ्या नवऱ्यांना दम देणाऱ्या डॉक्टरअम्मांच्या नाकासमोर तिनं आठवडाभर चक्कर येतेय हे लपवलं होतं, कारण रजा घेतली तर नोकरी जाईल अशी तिला भीती होती. डॉक्टरअम्मांनी तिला वरच्या खोलीत झोपवलं होतं आणि बाळंत होईपर्यंत उठायचं नाही असं बजावलं होतं.

मला त्या म्हणाल्या, "तिची जागा आहे, तुझी नाही. ती परत येईल. आली की तू उठायचं. पटत असेल तर आत्तापासून बस."

मी बसले.

पण टेबलावर आता कॉम्प्युटर होता. पेशंटची नावं, तारखा, सगळं त्याच्यात. मला तो सुरू कुठून करायचा हेही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी बायकांची रांग दारापर्यंत गेली आणि मी त्या काळ्या पडद्याकडे बघत बसले. शेवटी जिना चढून वर गेले. ती डाव्या कुशीवर पडली होती, तिला तसंच पडून राहायला सांगितलं होतं. मी विचारलं, तिनं सांगितलं. मी खाली आले, ते केलं, पुन्हा अडले, पुन्हा वर गेले. त्या दिवशी मी किती वेळा जिना चढले ते देव जाणे. ती मात्र एकदाही वैतागली नाही. संध्याकाळी म्हणाली, "अक्का, तुम्ही चिठ्ठीवर प्रश्न लिहून आणा. एकदम सांगते. तुमचे गुडघे जातील."

तशी आमची शाळा सुरू झाली. दुपारी रांग संपली की मी वर जाई, ती पडल्या पडल्या शिकवी. तिचं गाव ओरत्तनाडूच्या पलीकडे. नवरा लॉरीवर, महिन्यातले थोडे दिवस घरी. बारावी झाल्यावर तिनं हट्टानं कॉम्प्युटरचा वर्ग केला होता, तालुक्याच्या गावी रोज बसनं जाऊन. ही नोकरी म्हणजे तिच्या घरातली पहिली पगाराची नोकरी. मी तिला पुण्याच्या गोष्टी सांगे. 'करुलालात'ची गोष्ट तिला फार आवडली. ती म्हणाली, आमच्याकडे मद्रासची माणसं आली की ती आमच्या बोलण्याला अशीच हसतात.

शिकवताना ती कधी कधी मधेच थांबे. मी एखादी गोष्ट पटकन केली की खूश होई, आणि लगेच गप्प होई. मला ते दिसत होतं, पण विषय कसा काढावा कळत नव्हतं. शेवटी तिनंच काढला. मी तिच्यासाठी घरून मऊ भात आणला होता. तो खाता खाता तिनं माझ्याकडे न पाहता विचारलं, "अक्का, तुम्हाला आता सगळं येतं. मी परत आले की तुम्ही खरंच जाल?"

मी म्हटलं, "जाईन."

"तुम्हाला दुसरी नोकरी नाही मिळाली तर?"

"तरीही जाईन. मी डॉक्टरअम्मांना हो म्हटलंय."

तिनं मान हलवली. विश्वास ठेवला की नाही, समजलं नाही. मलाही स्वतःचा पुरता विश्वास होता असं नाही. ती नोकरी मला हवी होती. पहिल्या पगाराच्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला होता. ही मुलगी बाळंत होऊन गावीच राहिली तर, असा विचार मनात येई. तो आला की मी उठून कुणाला तरी पाणी देई, रांग बघे, काहीतरी करी.

दिवस भरायच्या आधीच तिचा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरअम्मांनी थांबायचं नाही असं ठरवलं. भर दुपार होती. तिची आई शेतातून निरोप मिळताच निघून आली होती, पायाला चिखल तसाच. नवरा कुठल्या रस्त्यावर होता कुणास ठाऊक. मी तिच्या आईला बाकावर घेऊन बसले. ती बाई पदराचं टोक पिळत होती. मी तिच्या हातातून पदर सोडवून तिचा हात धरला. इतक्या वर्षांत किती जणींचे हात मी तसे धरले असतील, पण त्या दिवशी मीच सारखी दाराकडे वळून बघत होते, आणि शेवटी त्या बाईनंच दुसरा हात माझ्या हातावर ठेवला.

डॉक्टरअम्मा बाहेर आल्या तेव्हा त्यांची साडी खांद्यापर्यंत घामानं भिजली होती. मुलगा, म्हणाल्या. फार लहान आहे, पण रडला. आई ठीक आहे. एवढं सांगून त्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मूर्ख मुलगी. आठवडाभर लपवलं माझ्यापासून." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "मी इतकी भीती दाखवते का लोकांना?"

मी रिकामा पेला त्यांच्या हातातून घेतला. त्यांना उत्तर नको होतं.

बाळ वाचलं. कापसात गुंडाळून, थेंब थेंब दूध पाजून त्याला वाढवलं. आई आणि बाळ गावी गेली. मी टेबलाशी होते. महिने गेले तशी मला पुन्हा ती खुर्ची माझी वाटायला लागली. बायका मला नावानं ओळखू लागल्या.

मग एक दिवस ती आली. मूल आजीजवळ ठेवून, नीट इस्त्रीची साडी नेसून, केसांत अबोलीची फुलं. ती सरळ टेबलाशी आली नाही. बाकावर बसली, रांगेत, सगळ्यांत शेवटी. तिच्या हातात घडी केलेला कागद होता. तिनंही अर्ज लिहून आणला होता.

मी उठून तिच्याकडे गेले. म्हटलं, तू इथं का बसलीस? ती म्हणाली, "मागायला आलेय, अक्का. मागायला आलेल्यानं रांगेत बसायचं असतं."

मी तिला हाताला धरून टेबलाशी नेलं, खुर्चीत बसवलं आणि पुढच्या बाईचं नाव पुकारायला सांगितलं. पडदा बघून तिनं पुकारलं. आवाज जरा चिरकला, मग सरळ झाला. मी आत जाऊन डॉक्टरअम्मांना सांगितलं की ती आली आहे आणि बसली आहे, मी निघते. त्या एका बाईला तपासत होत्या. त्यांनी फक्त म्हटलं, "बरं."

त्या एका शब्दाचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. वाटेत कालव्याच्या पुलावर मी बराच वेळ थांबले. पाणी सोडलेलं होतं, काठोकाठ. तेव्हा मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर भूक लागली. घरी येऊन मी जेवले. ह्यांना तोवर एका लेथच्या कारखान्यात काम मिळालं होतं, पुण्यापेक्षा बरंच कमी पगाराचं, पण रोज अंगाला तेलाचा वास घेऊन घरी येत आणि त्यांना बरं वाटत असे. ते म्हणाले, होईल काहीतरी. या वेळी ते त्यांना खरंच वाटत होतं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टरअम्मा आमच्या घरी आल्या. रिक्षातून, एकट्या. आमच्या गल्लीत त्या कधी आल्या नव्हत्या, त्यामुळे शेजारच्या बायका दारांत उभ्या राहिल्या. अम्मानं कॉफी केली. डॉक्टरअम्मांनी ती उभ्या उभ्याच घेतली. म्हणाल्या की मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर रक्त तपासायचं आणि एक्स-रेचं नवीन केंद्र निघालंय, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरानं काढलंय, तिथं बाहेर बसायला माणूस हवंय. मी विचारलं, त्यांना काय सांगितलंत माझ्याबद्दल?

"हे माझं माणूस आहे, एवढं सांगितलं," त्या म्हणाल्या. "बाकीचं तो तुला विचारेल. मी कुणाला चिकटवत नाही. तूच जा आणि मिळव."

त्या गेल्यावर अम्मा मला म्हणाली, एवढं सांगायला बाई स्वतः आली, फोन केला असता तरी चाललं असतं, समोरच्या बूथवर.

दुसऱ्या दिवशी मी त्या केंद्रात गेले. डॉक्टर तरुण होता, नवीन खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलं नव्हतं. कॉम्प्युटर येतो का, त्यानं विचारलं. येतो म्हटलं. कुठं शिकलात? एका पेशंटकडून, मी म्हटलं, ती अंथरुणावर पडून शिकवायची. तो हसला, त्याला ती थट्टा वाटली असावी. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो असं बसलं की सगळेच विचारतात. आधीची नोकरी का सोडली?

मी म्हटलं, "जिची जागा होती ती परत आली."

तो उठला आणि बाहेरच्या टेबलाशी नेऊन त्यानं मला विचारलं, हे दाराजवळ असावं की असंच खिडकीजवळ, लोक घाबरून येतात, त्यांना कुठं बसलेलं माणूस आधी दिसायला हवं? मी म्हटलं, दाराजवळ. आम्ही दोघांनी मिळून ते टेबल ओढून दाराजवळ आणलं.